पदवीचा विषय आणि पुढचे कामाचे आयुष्य

पदवीच्या विषयाचा पुढच्या आयुष्यावर परिणाम होतो तो तीन प्रकारे. काही व्यवसायांत ठरावीक पदवी नसेल तर पाऊलच टाकता येत नाही. काही क्षेत्रांत विषयामुळे पहिली नोकरी मिळते, पण पाच-सात वर्षांनंतर त्या विषयाबद्दल कोणी विचारत नाही. तिसरा परिणाम सावकाश होतो, त्यामुळे तो चटकन लक्षात येत नाही. विषय शिकताना काम करण्याची जी पद्धत अंगवळणी पडते, ती नोकऱ्या बदलल्या तरी माणसाबरोबर राहते.

बारावीच्या निकालानंतरच्या धावपळीत या तिन्ही गोष्टींची गल्लत होते. जिथे विषयाची अट कडक आहे तिथे ‘नंतर बघू’ म्हटले जाते आणि जिथे विषयाने फारसे बिघडत नाही तिथे घरात आठवडाभर वाद चालतो. विषयाची अट किती कडक, यावरून कामांचे तीन गट पडतात: ठरावीक पदवीशिवाय परवानगी नसलेली, जाहिरातीत विषय नेमून दिलेली आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली. आपल्या मनातले काम या गटांपैकी कुठे बसते, हे आधी कळले तर निवड निम्मी सोपी होते.

ठरावीक पदवीशिवाय परवानगी नसलेले व्यवसाय

डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, औषधनिर्माता, वास्तुविशारद, वकील, पशुवैद्य या व्यवसायांवर कायद्याने नेमलेल्या परिषदांचे नियंत्रण असते. औषधनिर्मात्यांसाठी १९४८ चा, वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून नोंदणी केल्याशिवाय ते काम त्या नावाने करता येत नाही. अनुभव कितीही असला तरी तो पदवीची जागा घेत नाही. वर्षानुवर्षे औषधांच्या दुकानात काम केलेल्या माणसालाही डी.फार्म. किंवा बी.फार्म. केल्याखेरीज फार्मासिस्ट म्हणून नोंदणी मिळत नाही.

या गटातल्या बहुतेक वाटा बारावीनंतरच, काही तर अकरावीलाच ठरतात. अकरावीत जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय शाखा लांब जाते. गणित सोडले की अभियांत्रिकी, वास्तुकला आणि संख्याशास्त्राकडचा रस्ता अरुंद होतो. म्हणून ज्या विद्यार्थ्याचे अजून काहीच नक्की नाही, त्याने झेपत असेल तर गणित ठेवणे हिताचे. नंतर ते सोडता येते, पण सोडलेले गणित पुन्हा धरणे फार थोड्यांना जमते.

वकिली या गटात असूनही वेगळी आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो, तसाच कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. करता येतो. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात. त्यामुळे रसायनशास्त्र शिकून पेटंटच्या कामात किंवा वाणिज्य शिकून करांच्या कामात उतरलेले वकील दिसतात. त्यांच्या बाबतीत पहिली पदवी वाया जात नाही. उलट ते कोणते खटले घेणार हे तीच ठरवते.

मानसशास्त्राबाबत एक गैरसमज बराच पसरलेला आहे. बी.ए.ला मानसशास्त्र घेतले की समुपदेशन किंवा उपचार सुरू करता येतील, असे अनेकांना वाटते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले पुढचे शिक्षण आणि नोंदणी लागते. बी.ए. ही त्या वाटेवरची पहिली पायरी आहे आणि पुढची काही वर्षे शिकण्याची तयारी असेल तरच ती उपयोगी ठरते.

जाहिरातीतली विषयाची अट

दुसऱ्या गटात परिषद नसते, पण भरतीच्या जाहिरातीत ‘शैक्षणिक अर्हता’ या मथळ्याखाली विषय नेमून दिलेला असतो. हा मजकूर शब्दन् शब्द वाचावा लागतो.

अन्न सुरक्षा अधिकारी या पदाचे उदाहरण घ्यावे. त्यासाठी अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेलतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी एकातली पदवी चालते. वैद्यकशास्त्राची पदवीही चालते. रसायनशास्त्राला मात्र तिथे पदव्युत्तर पदवीची अट आहे. म्हणजे एकाच कॉलेजातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलींपैकी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली मुलगी लगेच अर्ज करू शकते आणि रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेलीला एम.एस्सी.पर्यंत थांबावे लागते. दुसऱ्या वर्षाला विषय निवडताना हा फरक दोघींनाही माहीत नसण्याची शक्यता मोठी असते.

भारतीय वनसेवेचेही असेच आहे. नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेतूनच तिची निवड सुरू होते, तरी उमेदवाराच्या पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी एक विषय असावा लागतो, नाहीतर कृषी, वनविद्या वा अभियांत्रिकीची पदवी लागते. इतिहासाच्या पदवीधराला जिल्हाधिकारी होता येते, पण वनसेवेत जाता येत नाही. भारतीय अर्थसेवेसाठी अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीत संख्याशास्त्र हा विषय असणे पुरते.

शिक्षकी पेशातही विषय पाठ सोडत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा सहसा त्या विषयात द्यावी लागते. महाराष्ट्रातली सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. कृषी विभाग, जलसंपदा, नगररचना, औषध प्रशासन यांतली तांत्रिक पदेही याच गटातली.

कोणत्याही शाखेचा पदवीधर

तिसऱ्या गटातल्या जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी’ एवढेच लिहिलेले असते. यूपीएससीच्या नागरी सेवा, राज्यसेवा, पोलीस उपनिरीक्षक, तलाठी, बँकांतले अधिकारी आणि लिपिक हे सगळे यात येतात. व्यवस्थापनाच्या कॅट परीक्षेलाही शाखेची अट नाही. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला पदवीला ५० टक्के असले की झाले. सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमाला वाणिज्य पदवीधर ५५ टक्क्यांवर आणि इतर शाखांचे पदवीधर ६० टक्क्यांवर थेट मधल्या टप्प्यावर प्रवेश घेऊ शकतात.

इथे विषयाचे महत्त्व संपत नाही, त्याचे काम फक्त बदलते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुणांचे असतात आणि मुख्य परीक्षेचे एकूण लेखी गुण १७५०. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीची झाली असून तिथेही वैकल्पिक विषय आला आहे. पदवीला भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा मराठी साहित्य मनापासून वाचलेल्या विद्यार्थ्याची ही तयारी तीन वर्षे आधीच सुरू झालेली असते. पदवी केवळ कागदापुरती घेणाऱ्याला तोच विषय नंतर क्लासची फी भरून पहिल्यापासून शिकावा लागतो.

या गटाचा मोठा धोका म्हणजे अट सोपी असल्यामुळे गर्दी अफाट असते. तलाठ्याच्या एका जागेसाठी अर्ज करणाऱ्यांत अभियंतेही असतात आणि पदव्युत्तर पदवीधरही. ज्याच्याजवळ फक्त पदवी आहे, त्याला परीक्षेत यश आले नाही तर हातात दुसरे काही उरत नाही. म्हणून स्पर्धा परीक्षेचा विचार असलेल्याने पदवीचा विषय असा घ्यावा की परीक्षा सुटली तरी त्याच्या बळावर नोकरी मागता येईल, आणि किती प्रयत्नांनंतर थांबायचे हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवावे.

पहिली नोकरी आणि त्यानंतरची दहा वर्षे

खासगी क्षेत्रात विषयाचा प्रभाव सर्वांत जास्त असतो तो पहिल्या नोकरीवर. फ्रेशरजवळ अनुभव नसतो, त्यामुळे निवड करणाऱ्याला पदवी, गुण, प्रकल्प आणि कॉलेज एवढेच दिसते. अभियांत्रिकी, संगणक आणि लेखाशास्त्र या विषयांत पहिल्या दिवसापासून वापरता येणारे कौशल्य असते. म्हणून तिथे सुरुवातीचा पगार बरा असतो. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान किंवा शुद्ध विज्ञान शिकलेल्याला पहिली नोकरी शोधायला जास्त वेळ लागतो.

हे अंतर कायम राहतेच असे नाही. हार्वर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी अमेरिकेतल्या २००७ ते २०१९ या काळातल्या नोकरीच्या जाहिरातींचा अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. संगणक, अभियांत्रिकी अशा तंत्रप्रधान विषयांच्या पदवीधरांना सुरुवातीला मिळणारा जादा पगार पुढे झपाट्याने कमी होत जातो, असे त्यांना आढळले. कारण या क्षेत्रांत लागणारी कौशल्ये लवकर बदलतात. कॉलेजात शिकलेली पद्धत काही वर्षांत जुनी होते, नवे पदवीधर नवी पद्धत शिकून येतात आणि जुन्यांना पुन्हा शिकावे लागते. अमेरिकेचे आकडे भारताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण पुण्या-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत पंधरा वर्षे काढलेला कोणीही कर्मचारी या कारणाला दुजोरा देईल.

भारतातला प्रश्न आणखी एका ठिकाणी आहे. पदवी आणि पहिली नोकरी यांमधला काळच इथे लांबतो. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २५ वर्षांखालील पदवीधरांमधली बेरोजगारी २०२१-२२ मध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास असल्याचे दिसते. वय वाढते तसे हे प्रमाण बरेच खाली येते. याचा अर्थ बहुतेकांना कधी ना कधी काम मिळते, पण पहिली काही वर्षे कठीण जातात, आणि ते काम शिकलेल्या विषयातले असेल याची खात्री नसते. विषय निवडताना पगाराच्या जोडीला हाही प्रश्न विचारायला हवा, की वाट पाहण्याची ही वर्षे घर सोसू शकेल का.

विषयाने लागणारी कामाची शिस्त

सुरुवातीला सांगितलेला तिसरा, सावकाश होणारा परिणाम समजायला एखादे काम जवळून पाहावे लागते. तारापूर, महाड, लोटे परशुराम किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रणाची प्रयोगशाळा असते. रसायनशास्त्राचा नवा पदवीधर बहुधा तिथेच रुजू होतो. आलेल्या नमुन्यावर क्रमांक घालणे, वजन करणे, द्रावण तयार करणे, ते घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर लावणे आणि प्रत्येक वाचन त्याच क्षणी नोंदवणे हा त्याचा दिवस. नोंद चुकली तर ती खोडरबराने पुसायची नाही, पांढऱ्या शाईने झाकायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहून सही आणि तारीख टाकायची. तपासणीला आलेला अधिकारी सर्वांत आधी याच वह्या मागतो.

कॉलेजात प्रॅक्टिकलचे जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवलेल्या मुलाला ही शिस्त जड जाते. ब्युरेटचे वाचन स्वतः तीनदा घेऊन लिहिणाऱ्याला ती आधीपासून येत असते. पुढे हाच माणूस विक्रीत, निर्यातीच्या कागदपत्रांत किंवा स्वतःच्या धंद्यात गेला, तरी जे पाहिले तेच आणि तेव्हाच लिहिण्याची सवय सुटत नाही. विषय मागे पडतो, सवय पुढे जाते.

प्रत्येक विषयाची अशी एक देणगी असते. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी उन्हात फिरून खडक पाहतो, नकाशावर खूण करतो आणि न दिसणाऱ्या थरांबद्दल तर्क मांडतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत काम करताना निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून गावाच्या पाण्याचा अंदाज बांधावा लागतो, तेव्हा तीच सवय कामी येते. इतिहासाचा विद्यार्थी एका घटनेची तीन वेगवेगळी वर्णने समोर ठेवून कोणाचे का ऐकायचे हे ठरवायला शिकतो. पत्रकारितेत, न्यायालयात आणि प्रशासनात हे रोज लागते. लेखाशास्त्राने पैशाच्या प्रत्येक नोंदीची दुसरी बाजू शोधण्याची सवय लागते. गणिताने गृहीतके आधी लिहून मग पुढे जाण्याची सवय लागते. साहित्याने दुसऱ्याच्या वाक्यामागचा अर्थ आणि सूर ओळखता येतो.

मात्र ही देणगी परीक्षेपुरत्या गाईडवर अभ्यास करून मिळत नाही. ती प्रयोगशाळेत उभे राहून, शिवारात फिरून, मूळ ग्रंथ वाचून, हिशेब स्वतः जुळवून मिळते. म्हणून जो विषय विद्यार्थी खरोखर मेहनतीने शिकेल तोच त्याच्या कामाचा, मग बाजारात त्याची किंमत थोडी कमी का असेना. न आवडणाऱ्या ‘चालणाऱ्या’ विषयात जेमतेम पास झालेल्या पदवीधराला त्या विषयाचा पगारही मिळत नाही आणि शिस्तही.

विषय बदलणे: सोपे कुठे, अवघड कुठे

एका विषयातून दुसऱ्या विषयात जाणाऱ्यांची महाराष्ट्राला चांगली ओळख आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मुंबई विद्यापीठाची पदवी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांची. कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये मिळवलेली एम.ए. आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ हेही अर्थशास्त्रातलेच. त्याला त्यांनी लंडनमध्ये कायद्याच्या शिक्षणाची जोड दिली. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून काम करताना दोन्ही विषय हाताशी होते. इथे पहिला विषय सुटला नाही, त्यावर दुसरा चढला.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. १९६९ मध्ये त्यांनी व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमी धरली. त्याच महाविद्यालयातले डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ म्हणून शिकवत राहिले आणि नटही राहिले. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शन त्यांचे आणि त्यातला नाना फडणवीस आगाशे यांचा. या तिघांनीही नाटकाचे काम विद्यार्थिदशेतच सुरू केले होते. पदवीबाहेरची आवड ज्यांनी कॉलेजातच गंभीरपणे जोपासली, त्यांनाच पुढे ती उपजीविकेच्या तोलाची करता आली. नोकरीला कंटाळल्यावर अचानक शोधलेल्या छंदाचे तसे होत नाही.

सर्वच बदल सारखे सोपे नसतात. गणिताकडून अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संगणक किंवा वित्तक्षेत्राकडे जाणे म्हणजे घाट उतरणे. उलट दिशेने तोच घाट चढावा लागतो. पदव्युत्तर संगणक अभ्यासक्रमांना बारावीत किंवा पदवीत गणित असण्याची अट सर्रास असते. भौतिकशास्त्रातून अभियांत्रिकीच्या कामाकडे वळता येते. वाणिज्यातून भौतिकशास्त्राकडे जवळपास नाहीच. विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकून समाजशास्त्र, पत्रकारिता, व्यवस्थापन किंवा कायदा करणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे दोन आवडींमध्ये अडकलेल्या विद्यार्थ्याने, बाकी सारे सारखे असेल तर, ज्या विषयातून परत फिरता येते तो आधी घ्यावा. बाकी सारे सारखे नसेल, म्हणजे गणितात मन अजिबात नसेल, तर हा नियम सोडून द्यावा.

मुख्य विषय, दुय्यम विषय आणि श्रेयांक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आता मुख्य विषय अर्थात मेजर, दुय्यम विषय अर्थात मायनर, शाखेबाहेरचे ऐच्छिक विषय आणि कौशल्याचे विषय अशी मांडणी आली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक अर्थात क्रेडिट आहेत. मिळवलेले श्रेयांक राष्ट्रीय पातळीवरच्या श्रेयांक पेढीत जमा राहतात.

या मांडणीत दुय्यम विषयाला खरी संधी आहे आणि तिचाच सर्वांत कमी विचार होतो. मैत्रिणीने घेतला, वेळापत्रकात बसला किंवा गुण सहज मिळतात म्हणून दुय्यम विषय घेतला जातो. मुख्य विषयाला नोकरीच्या बाजारात जे कमी पडते ते दुय्यम विषयाने भरून काढावे. मराठीच्या विद्यार्थ्याने पत्रकारिता किंवा भाषांतर, भूगोलाच्या विद्यार्थ्याने संगणकीय नकाशाशास्त्र, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने रोपवाटिका किंवा ऊतिसंवर्धन यांसारखी जोडी जमवली, तर पदवीचा उपयोग दुप्पट होतो.

चौथे वर्ष सगळ्यांसाठी नाही. संशोधनाकडे जायचे असेल किंवा परदेशात चार वर्षांच्या पदवीची अट असेल तर ते करावे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवल्यास पीएच.डी.साठी थेट अर्ज करता येतो आणि पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होऊ शकते. तिसऱ्या वर्षानंतर एलएल.बी., बी.एड. किंवा नोकरीकडे वळणाऱ्याने ते वर्ष तिकडे लावावे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सोडावेच लागले, तर निदान प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊनच बाहेर पडावे आणि परत येण्याची मुदत लेखी माहीत करून घ्यावी. ‘पदवीधर’ अशी अट असलेल्या जाहिरातीला पदविका चालत नाही, हेही विसरू नये.

घर, गाव आणि कॉलेज

विषयाची निवड अनेकदा विद्यार्थ्याच्या हातात नसते. तालुक्याच्या कॉलेजात जे विषय असतील तेच घ्यावे लागतात. एसटीचा पास, वसतिगृहाची जागा, धाकट्या भावंडांचे शिक्षण, मुलीला बाहेरगावी पाठवण्याबद्दलची घरची नाराजी या गोष्टी गुणपत्रिकेहून अधिक वजनदार ठरतात. अशा वेळी विषयापेक्षा त्याच्याभोवती काय जमवता येईल, हे पाहावे.

कॉलेजात हवा तो विषय नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा एक मार्ग आहे. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्या एकाच वेळी करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे कॉलेजातली एक आणि मुक्त पद्धतीची दुसरी अशी जोडी करता येते. मात्र परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येत नाहीत ना, हे आधी पाहावे. ‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून रुजलेली योजना अनेक महाविद्यालयांत आजही चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात काम करून मिळणारा पैसा थोडा असतो, पण वेळेवर काम पूर्ण करण्याचा अनुभव अर्जात लिहिता येतो.

शैक्षणिक कर्ज काढायचे असेल तर हिशेब विषय ठरवण्याआधी मांडावा. हप्ता शिक्षण संपल्यानंतर थोड्याच काळात सुरू होतो, आणि ज्या विषयात पहिली नोकरी उशिरा मिळते त्यासाठी मोठे कर्ज काढल्यास मुलाला हातात येईल ती नोकरी धरावी लागते. त्या विषयात थांबून चांगली संधी पाहण्याची मोकळीक मग राहत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीची भीती वाटते म्हणून विषय सोडू नये. इंग्रजी दोन वर्षांच्या नेटाने सुधारते. हातचा विषय दोन वर्षांनी परत घेता येत नाही.

प्रवेशाआधी करायच्या गोष्टी

पुढची कामे एका सुट्टीत सहज होतात.

१. मनात असलेल्या तीन पदांच्या किंवा कामांच्या गेल्या वर्षीच्या जाहिराती मिळवून त्यांतली शैक्षणिक अर्हता वहीत शब्दशः उतरवावी. ज्या विषयाने तिन्हींपैकी किमान दोन ठिकाणी अर्ज करता येतो, तो वरच्या क्रमांकावर ठेवावा.

२. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विषयाचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. पहिल्या वर्षाचा विषय बारावीसारखाच दिसतो. खरा विषय तिसऱ्या वर्षाला कळतो. त्यातली निम्मी प्रकरणे वाचावीशी वाटत नसतील तर पुन्हा विचार करावा.

३. त्या विषयाच्या पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना गाठावे. ‘स्कोप आहे का’ असे विचारल्यास उत्तरही तसेच मोघम मिळते. ‘पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली, कशामुळे लागली, आज दिवसभर काय काम असते’ असे विचारावे.

४. कॉलेजात त्या विषयाची प्रयोगशाळा चालू आहे का, कायम प्राध्यापक किती आहेत, क्षेत्रभेटी होतात का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. चांगल्या विभागातला मध्यम विषय बंद पडलेल्या विभागातल्या ‘मागणीच्या’ विषयापेक्षा बरा.

५. पहिल्या सत्राच्या शेवटी एकदा आढावा घ्यावा. गुण कमी पडणे हे विषय बदलण्याचे कारण नाही. तासाला बसणे नकोसे होणे, हे कारण असू शकते. बदल करायचाच असेल तर तो पहिल्या वर्षात सर्वांत स्वस्त पडतो.

पालकांनी या यादीत सोबत करावी, निर्णय घेऊ नये. तीस वर्षांपूर्वीच्या बाजाराचा अनुभव आजच्या विषयाला पुरेसा नसतो. पण घरात पैसा किती आहे आणि किती वर्षे थांबता येईल, हे मुलाला स्पष्ट सांगणे हे पालकांचेच काम आहे.

पदवी हातात आल्यानंतर

ज्यांची पदवी झाली आहे आणि विषय चुकला असे वाटते, त्यांनीही वरचे तीन गट समोर ठेवावेत. हवे ते काम नोंदणीच्या व्यवसायातले असेल तर नवी पदवी घेण्यावाचून गत्यंतर नाही आणि वय व खर्च पाहून तो निर्णय लवकर घ्यावा. अट जाहिरातीतली असेल तर अनेकदा एक पदव्युत्तर पदवी किंवा पदविका पुरते. अट कोणतीच नसेल, तर विषय आड येत नाही. दाखवण्यासारखे काम नसणे आड येते. मग सहा महिने-वर्षभर लहान पगारावर का होईना त्या क्षेत्रात शिरून काम दाखवणे, हा दुसऱ्या पदवीपेक्षा जवळचा मार्ग ठरतो.

नोकरीत असलेल्यांनी दर चार-पाच वर्षांनी आपल्या विषयातले काय जुने झाले आणि काय अजून कामाला येते, याची मांडणी करावी. जुने झालेले नव्याने शिकावे. टिकलेले असेल त्यावर पुढची जबाबदारी मागावी. पदवीच्या विषयाने सुरुवात ठरते, त्यातली मेहनत आणि त्याला दिलेली जोड पुढचे ठरवते. म्हणून विषय निवडताना नियम तपासावेत, आपली ताकद ओळखावी, आणि निवडल्यावर तो विषय पुरेपूर शिकावा.